सोयाबीन : शेतातून ताटापर्यंत

विदर्भ-मराठवाड्यातील जिरायत गावांत खरिपाच्या हंगामात दूरवर सोयाबीनची शेते दिसतात. काढणीनंतर हा माल लातूरसारख्या मोठ्या बाजारपेठांत जातो. गिरणीत त्याचे तेल निघते. उरलेली प्रथिनयुक्त पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यासाठी वापरली जाते आणि काही परदेशी रवाना होते. पिकविणाऱ्याच्या ताटात मात्र तेलाखेरीज सोयाबीनचा अंश क्वचितच आढळतो. ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

सोयाबीनमध्ये सुमारे 36 ते 40 टक्के प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत हे प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय ज्वारी-गव्हात उणे असलेले लायसीन हे अमिनो आम्ल सोयाबीनमध्ये विपुल असते. म्हणून धान्य व सोयाबीन परस्परांना पूरक ठरतात.

आरोग्याशी संबंध

मधुमेह हा आता केवळ शहरी, सुखवस्तू लोकांचा विकार राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही असून आणखी सुमारे 13.6 कोटी लोक त्या विकाराच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या आहारात पिष्टमय पदार्थ अधिक व प्रथिने कमी, हे यामागील अनेक कारणांपैकी एक होय.

येथे सोयाबीनचा उपयोग काय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 मध्ये, दररोज 25 ग्रॅम सोया-प्रथिने हृद्रोगाचा धोका कमी करू शकतात, असा उल्लेख खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर करण्यास अनुमती दिली. पुढील संशोधनात हा लाभ बेताचाच आढळला. अपायकारक कोलेस्टेरॉलमध्ये साधारण 3 ते 4 टक्के घट होते, असे दिसून आले. 2017 मध्ये त्याच प्रशासनाने ती अनुमती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. रक्तशर्करेवरील परिणामाबाबतही प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

तात्पर्य, सोयाबीन हे औषध नव्हे. ते उत्तम अन्न आहे. जेवणातील भात, मैदा वा तळलेल्या पदार्थांचा काही भाग कमी करून त्या जागी ते घेतले, तर प्रथिने वाढतात, पोट अधिक काळ भरलेले राहते आणि पिष्टमय पदार्थांचा भार हलका होतो. नेहमीच्या भरपेट जेवणावर ते केवळ वाढविले, तर हा लाभ पदरी पडत नाही.

वापरावे कसे?

कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात; उष्णतेने ते बहुतांशी निष्प्रभ होतात. यासाठी निवडलेले दाणे उकळत्या पाण्यात 20 ते 25 मिनिटे ठेवून, निथळून, उन्हात कडकडीत वाळवावेत. असे एक किलो दाणे नऊ किलो गव्हात मिसळून दळल्यास पिठातील प्रथिने सुमारे 10-11 टक्क्यांवरून 13 टक्क्यांपर्यंत वाढतात आणि पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. ज्वारीच्या पिठातही हेच प्रमाण चालते. सुमारे 50 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून 25 ग्रॅम प्रथिने मिळतात.

ज्यांना सोयाबीनची ॲलर्जी आहे, त्यांनी ते टाळावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी व सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच प्रथिने वाढवावीत. मधुमेहाची औषधे कोणीही परस्पर बंद करू नयेत.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांनी मनावर घेतल्यास हे काम अवघड नाही. महिला बचत गटाच्या बैठकीत एकदा प्रात्यक्षिक दाखवावे. गावच्या पिठाच्या गिरणीवर मिश्रणाचे प्रमाण लिहिलेला फलक लावावा. बाजारात माल नेण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने घरच्या वर्षभराच्या दळणापुरते सोयाबीन बाजूला काढून ठेवले, तरी आपल्या शेतातील प्रथिने प्रथम आपल्या मुलाबाळांच्या मुखी पडतील.