बॅटरी मोजून पाहावी

चि. निखिल यास,


घरून काम असल्यामुळे गाडी आठवडाभर अंगणात उभी असते आणि दर रविवारी तू पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवतोस. एवढ्यावर बॅटरी शाबूत राहील का, असं तू विचारलंयस. सरळ सांगते, राहणार नाही. सेल्फ मारला की गाडी उठते, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, ही समजूत तर त्याहून घातक. चार्ज किती शिल्लक आहे ते मोजल्यावरच कळतं आणि महिन्यातून एकदा ते मोजायलाच हवं. हे तुला पटावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सेल्फचं बघू. स्टार्टर मोठा प्रवाह ओढतो, हे खरं आहे. छोट्या पेट्रोल गाडीतही तो दीडशे-दोनशे अँपिअरपर्यंत जातो. पण किती वेळ? सेकंद-दोन सेकंद. दोनशे अँपिअर दोन सेकंद धरले तरी हिशेब 0.11 अँपिअर-तास होतो. बॅटरी 45 अँपिअर-तासांची असेल तर हा जेमतेम पाव टक्का. त्यात आपल्याकडची हवा उष्ण. ऑइल पातळ असतं, इंजिन हलकं फिरतं आणि बॅटरीतली रासायनिक क्रियाही जोमात असते. त्यामुळे नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत अर्धी रिकामी बॅटरीसुद्धा गाडी पहिल्या फटक्यात चालू करून देते. डिसेंबरात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास आला की तीच बॅटरी ‘कट-कट’ करून गप्प बसते आणि आपण थंडीला दोष देतो. नुकसान मात्र उन्हाळ्यापासून चाललेलं असतं. गाडी चालू होणं हा फक्त त्या दोन सेकंदांचा पुरावा आहे.

नुकसान कसं होतं तेही समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1859 मध्ये शिसं आणि गंधकाम्लाची, पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी तयार केली. तुझ्या बॉनेटखाली आजही मुळात तेच रसायन आहे. एका पट्टीवर शिसं, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, आणि मध्ये पाणी घातलेलं गंधकाम्ल. बॅटरी वापरली जाते तसं दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट साचतं आणि आम्ल पातळ होत जातं. चार्ज केली की ही क्रिया उलटी फिरते. ताजं सल्फेट बारीक कणांचं असतं, ते सहज विरघळून परत जातं. पण बॅटरी अर्धवट रिकामी आठवडेच्या आठवडे पडून राहिली की त्या कणांचे मोठे, कडक स्फटिक होतात आणि ते पुन्हा फुटत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. बॅटरीवाले ‘सल्फेट झालं’ म्हणतात ते हेच. त्यामुळे बॅटरी किती वापरली यापेक्षा ती रिकामी असताना किती दिवस तशीच राहू दिली, याला महत्त्व जास्त आहे.

आता तुझी पंधरा मिनिटं. कुलूप लावलेली गाडीही थोडी वीज खात राहते. अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ, इंजिनाचा संगणक हे जागेच असतात. हा प्रवाह 50 मिलिअँपिअरपर्यंत असला तर गाडीत दोष नाही असं साधारण मानतात. आपण 30 धरू. आठवड्याला पाच अँपिअर-तास गेले, महिन्याला एकवीसच्या वर. म्हणजे जवळजवळ अर्धी बॅटरी, आणि बॅटरी आपली आपण उतरते ते वेगळंच. रविवारी इंजिन जागच्या जागी फिरतं तेव्हा अल्टरनेटर सावकाश फिरतो. इंधनपंप, इग्निशन, रेडिएटरचा पंखा यांचं भागवून जे उरेल ते बॅटरीला मिळतं. सढळ हातानं दहा अँपिअर धरले तरी पंधरा मिनिटांत अडीच अँपिअर-तास भरतात. गेले पाच, आले अडीच. एसी लावून गाणी ऐकत बसलास तर तेवढेही नाहीत. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास गाडी रस्त्यावर काढ, वर्धा रोडला एक फेरी मारून ये. मागून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर असेल तर तो गाडी बंद असताना किती प्रवाह ओढतो, हे चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घे. उभ्या गाडीची बॅटरी उतरण्यामागे बऱ्याचदा अशी जोडणीच निघते.

मोजायचं कसं ते नीट वाच, कारण चुकीच्या वेळी घेतलेला आकडा फसवतो. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. बटण डीसी व्होल्टच्या 20 च्या खुणेवर ठेव आणि लाल वायर अँपिअरच्या भोकात नाही ना, हे आधी बघ. त्या भोकात असताना मीटर बॅटरीला लावलास तर शॉर्ट होऊन मीटरचा फ्यूज उडतो, हात भाजण्याचीही भीती असते. गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीची बॅटरी 13 व्होल्टच्या आसपास दाखवते, पण ती वरवरची सूज असते, काही तासांत उतरते. बॉनेटचा खटका आत असल्यामुळे दार उघडावं लागतं आणि दार उघडलं की दिवे, संगणक सगळे जागे होतात. म्हणून बॉनेट उघड, दार बंद कर आणि दहा-पंधरा मिनिटं थांब. मग मीटरची टोकं शिशाच्या खुंट्यांवरच टेकव, त्यांवर आवळलेल्या क्लॅम्पवर नको. आकडा 12.6 किंवा 12.7 आला तर बॅटरी भरलेली. 12.4 म्हणजे सुमारे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे पाव. प्रत्येक घर साधारण 2.1 व्होल्टचं आणि अशी सहा घरं, म्हणून भरलेल्या बॅटरीचा आकडा बाराच्या वर असतो. 12.4 च्या खाली आला की थांबू नकोस, चार्जर लाव. ‘बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवतेय, ठीकच आहे’ असं म्हणणारे खूप भेटतील. ती बॅटरी तीन-चतुर्थांश रिकामी असते.

यावर तू म्हणशील की व्होल्टेज नीट असूनही बॅटरी दगा देते, मग मोजून काय साधलं? आक्षेप रास्त आहे. व्होल्टेज चार्ज सांगतं, बॅटरीत बळ किती उरलंय ते सांगत नाही. म्हणून त्याच बैठकीत आणखी दोन आकडे घे. कुणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि त्या क्षणी मीटरकडे बघ. भरलेली बॅटरी 9.6 च्या खाली कोसळली तर तिच्या पट्ट्या थकल्या आहेत. इंजिन चालू झाल्यावर आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान हवा, नसेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर तपासून घे. (काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला मुद्दाम कमी-जास्त होतो, तिथं एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नकोस.) क्रँक करताना खुंटी आणि तिच्यावरचा क्लॅम्प यांच्यात अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष बॅटरीचा नसून सांध्याचा आहे. तिथला पांढरा-हिरवट थर खाण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्यानं धुऊन काढायचा, सांधा कोरडा करून घट्ट आवळायचा आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची. निव्वळ या थरापायी चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात, याचा मला मनापासून राग येतो.

दुसरा आक्षेप ‘मेंटेनन्स-फ्री’चा. या बॅटऱ्यांत कॅल्शियममिश्रित शिसं वापरून पाण्याची घट कमी केलेली असते. त्यानं पाणी घालायची कटकट वाचते. चार्ज उतरायचा तो उतरतोच, सल्फेट व्हायचं ते होतंच. वरच्या हिरव्या डोळ्यावरही विसंबू नकोस, तो सहांपैकी एकाच घरातलं आम्ल बघतो. झाकणं असलेली बॅटरी असेल तर तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात. आम्ल तर कधीच घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी. तिथं हायड्रोमीटरही लावता येतो. भरलेल्या घराची घनता 1.26-1.28 च्या आसपास येते, आणि एखादं घर बाकीच्यांपेक्षा 0.05 नं मागे असेल तर ती बॅटरी गेली म्हणून समज.

चार्जर घेशील तो आपोआप प्रवाह कमी करणारा घे. बॅटरीच्या अँपिअर-तासांचा दहावा हिस्सा पुरे, म्हणजे 45 ला चार-पाच अँपिअर. शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो, म्हणून रात्रभर लावून ठेवणं बरं. दुकानात तासाभरात ‘फास्ट’ करून देतात त्यानं पट्ट्या तापतात. आधी चिमटे लावायचे, मग भिंतीवरचं बटण, आणि काढताना उलट. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून जागा मोकळी हवा आणि जवळ विडी-काडी नको. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी. बोटातली अंगठी काढून ठेव. आम्ल अंगावर उडालंच तर भरपूर पाण्यानं धुवायचं, आणि डोळ्यात गेलं तर पाण्यानं धूत राहून डॉक्टरकडे पळायचं.

राहिला तुझ्या पिढीचा आवडता मुद्दा. बॅटरी पाच-सहा हजारांत मिळते, फोन केला की माणूस येऊन जंप-स्टार्ट देतो, मग एवढा उपद्व्याप कशाला? पैशाचं एक वेळ सोड. पण साध्या छोट्या गाडीच्या बॅटरीतही कित्येक किलो शिसं असतं आणि ते विषारी आहे. भंगारात गेलेली बॅटरी कुठेतरी उघड्यावर फोडली जाते, आम्ल मातीत ओततात, शिसं चुलीवर वितळवतात, आणि त्या धुरात लहान मुलं खेळत असतात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती बॅटरी दुकानात परत नेऊन देणं मात्र आपल्याच हातात आहे. पाच वर्षं टिकू शकणारी बॅटरी हेळसांडीनं दोन वर्षांत बाद करणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. आणि फोनवरून माणूस येतो तो दुसऱ्या बॅटरीचा धक्का देतो, तुझी भरत नाही. तो गेला की बॅटरी होती तेवढीच रिकामी असते. त्याच दिवशी तिला चार्जर मिळाला नाही तर सल्फेट वाढतच राहतं.

तेव्हा येत्या रविवारी इंजिन चालू करण्याआधी मीटर लाव. उभ्या गाडीचा, क्रँकचा आणि चालू इंजिनाचा असे तिन्ही आकडे तारखेसह गाडीतल्या वहीत लिही आणि मला कळव. बॅटरीवर छापलेला निर्मितीचा महिनाही लिहून पाठव, म्हणजे ती ठेवायची की बदलायची ते सांगता येईल.

तुझी,
आत्या