हरवू नये असे पत्र

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत. अशा गावी पत्त्याची लिपीच वाचता आली नाही, तर पत्राने जावे कोठे? शिवाय वडगावसारख्या एकाच नावाची गावे अनेक! मुलाची खुशाली भलत्याच वडगावी पडून राहिली, तर वाट पाहणाऱ्या मातेची अवस्था काय होईल?

टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर उपाय शोधला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. सोलापूरचा ४१३००१ हा क्रमांक पाहा. ४ या अंकाने महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांची पत्रे वेगळी होतात. ४१ ने महाराष्ट्राचा एक भाग, ४१३ ने सोलापूरचा परिसर आणि शेवटच्या तीन अंकांनी टपाल कचेरी निश्चित होते. प्रत्येक अंकासरशी ढीग लहान होत जातो.

संगणकावरील ई-पत्रांनाही हाच न्याय लागतो. १९७३ च्या सुमारास केन टॉम्प्सन यांनी ‘ग्रेप’ ही आज्ञा तयार केली. तिला एक शब्द द्यावा, की तो असलेल्या ओळी तेवढ्या ती निवडून देते. हजारो पत्रांतून ‘सोलापूर’ शोधण्यास एक ओळ पुरते. मात्र कोणी ‘शोलापूर’ लिहिले असेल, तर ते पत्र मागेच राहते! ही आज्ञा अक्षरे जुळविते, मनातला हेतू ओळखीत नाही.

म्हणून लिहिणाऱ्याने प्रत्येक अक्षर व अंक अचूक लिहावा.

अभ्यास : आपल्या गावाच्या पिनकोडातील अंकांचा अर्थ सांगा.