दुरुस्तीची बैठक

डिचोली

चि. मंजिरीस,


हरमलला दुकानासाठी गाळा मिळाला हे वाचून फार बरं वाटलं. माल कुठून भरावा असं तू विचारलं आहेस. बाहेरून तयार बॅगा आणल्या तर निम्म्या भावात पडतात, हे तुझं गणित चुकलेलं नाही. तरीही डिचोली-पेडण्यात आपले जे लोक अजून हाताने कातड्याचं काम करतात, त्यांचाच माल ठेव. आणि दुकानाच्या दर्शनी भागात एका कारागिराला दुरुस्तीसाठी बसव.

का ते सांगतो. हातशिलाईत दोरा एक, सुया दोन. मेण लावलेला दोरा आरीने पाडलेल्या भोकातून दोन्ही बाजूंनी जातो. एखादा टाका तुटला तरी शेजारचे पकड सोडत नाहीत. तेवढाच काढून पुन्हा घालता येतो. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसता अडकलेला असतो, एक टाका गेला की शिवण उसवत जाते. रेक्झिनचं तर विचारूच नकोस. आपल्या दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात, मग त्याला कोणी हात लावत नाही. अस्सल कातड्याच्या कापलेल्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनखाली कापड दिसतं. गिऱ्हाइकाला ती कड दाखव, टाका दाखव. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं तयार व्हायला आठवडेच्या आठवडे जातात, पण ते वापरणाऱ्याच्या पायाचा आकार घेतं, हेही सांग. इतकं ऐकूनही जो घासाघीस करील, त्याला हसतमुखाने जाऊ दे. कारागिराच्या मजुरीतून सूट द्यायची नाही.

आणखी एक. आपल्या चपलेला ‘कोल्हापुरी’ म्हणू नकोस. 2019 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांचं आहे, गोवा त्यात नाही. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानला तसल्याच चपला कोल्हापूरचं नाव न घेता मिरवल्या, तेव्हा आपण सगळेच चिडलो होतो. मग दुसऱ्याच्या नावावर आपण कसं विकायचं? डिचोलीची चप्पल डिचोलीची म्हणून विक, आणि आतल्या बाजूला करणाऱ्याचं नाव ठसव. आपल्या समाजाला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलं. पण तेरेखोलपलीकडे आरवलीला वेतोबाला वाहतात त्या भल्यामोठ्या वहाणा चर्मकाराच्याच हातच्या. देव रात्री त्या घालून गावाची राखण करतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्या हातांचं नाव तुझ्या दुकानात ठळक दिसलं पाहिजे.

पावसाळ्याचं आताच मनात धर. कातड्याला बुरशी येते; प्लॅस्टिकच्या पिशवीत माल बांधून ठेवू नकोस, भिजला तर सावलीत वाळव, मग तेलाचा हात फिरव. त्याहून मोठी काळजी कारागिराची. त्या चार महिन्यांत चपला खपत नाहीत, आणि घर चालवायला तो मिळेल ते काम धरतो. एकदा गेलेला परत बैठकीवर येतोच असं नाही. म्हणून मे संपायच्या आत पट्टे, पाकिटं, चष्म्याची घरं यांची ऑर्डर दे. अर्धे पैसे आगाऊ, रोख. मी इथे दोघातिघांशी बोलून ठेवतो. शनिवारी ये, दर त्यांच्यासमोरच ठरवू.

तुझा,
काका