अंगणातल्या रानझाडांना मनाई आहे का?

प्रश्न : पडेगावात आमचे रो-हाऊस आहे. लॉन काढून फुलपाखरांसाठी निर्गुडी, अडुळसा, रुई लावली. शेजारी म्हणतात, असे 'रान' वाढवले तर महापालिका दंड करते. कोपऱ्यातला गुलमोहर पाडून बहावा लावावा म्हणते, चालेल ना?
– एक वाचक, पडेगाव

उत्तर : ताई, अंगणात लॉनच हवे, देशी झुडपे नकोत, असा नियम नाही. तक्रार होते ती साचलेल्या पाण्याची, कचऱ्याची आणि रस्त्यावर आलेल्या फांद्यांची. तेवढे सांभाळा. गाजर गवत मात्र फुलण्याआधी उपटा, तेही हातमोजे घालून.

गुलमोहराला हात लावू नका. तो मूळचा मादागास्करचा असला आणि जागा तुमची असली, तरी 1975 च्या राज्य वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेची लेखी परवानगी लागते. बहावा दुसऱ्या कोपऱ्यात लावा की!

रुईची पाने कुरतडलेली दिसतील. काळे-पिवळे पट्टे असलेली अळी दिसली तर फवारा मारू नका, तिचेच पुढे फुलपाखरू होते. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. घरात लहान मूल असेल तर ती कुंपणाकडे हलवा. कढीपत्ता आणि लिंबूही लावा. राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालते.

आपल्याकडच्या पाणीटंचाईत लॉनपेक्षा ही झाडे परवडतात. एकदा रुजली की फार पाणी मागत नाहीत. रोपांसाठी पावसाळ्याच्या तोंडावर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी करा.