दमयंती जपानमार्गे फ्रान्सला

प्रश्न : आमच्या जरीपटक्याला लागूनच इंदोऱ्याचं बुद्धविहार आहे. भदंत सुरेई ससाईंमुळे जपानचं नाव इकडे घरोघरी ठाऊक. कामठीचं ड्रॅगन पॅलेसही पाहून झालं. पण जपानी नाटक कसं असतं, हे काही कळत नाही. मोबाइलवर ‘नो’ नावाचा प्रकार लावून पाहिला, तर एक मुखवटेधारी पात्र पुलावरून चालत मंचावर येईपर्यंतच दहा मिनिटं गेली. ही मंडळी आपली नाटकं देशोदेशी नेतात असं वाचलं. भाषा न समजणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून काय लागतं? आणि परक्यांसाठी ते नाटकात बदल करतात, की जसंच्या तसं दाखवतात?
– एक वाचक, जरीपटका, नागपूर

उत्तर : यासाठी आधी वर्धा नदीच्या काठी जाऊ. अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर म्हणजेच विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर, असं आपली परंपरा सांगते. रुक्मिणीचं माहेर म्हणून तिथली पालखी पंढरपूरला जाते. त्याच कुंडिनपूरची दुसरी लेक म्हणजे भीमराजाची दमयंती. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे ती मराठी घरांत पोचली. 2014 च्या जुलै महिन्यात ती फ्रान्समधल्या आव्हिन्यों नाट्यमहोत्सवात पोचली, आणि तिला तिथे नेलं जपानी नटांनी.

दिग्दर्शक होते सातोशी मियागी, संस्था शिझुओका प्रांताची ‘स्पॅक’ आणि नाटक ‘महाभारत – नलचरितम्’. मूळ प्रयोग 2003 सालचा, टोकियोतला, मियागींच्या ‘कु-नाउका’ या आधीच्या संस्थेचा. आव्हिन्योंमध्ये तो झाला बुल्बों इथल्या दगडाच्या जुन्या खाणीत. दिग्दर्शक पीटर ब्रुक यांचं नऊ तासांचं ‘महाभारत’ 1985 साली पहिल्यांदा झालं, ते याच खाणीत. त्यातही जपान होताच. द्रोणाचार्य झाले होते योशी ओइदा, आणि संगीताची बाजू सांभाळली होती तोशी त्सुचितोरी यांनी. ब्रुकना अख्खं महाभारत हवं होतं. मियागींनी वनपर्वातलं एकच उपाख्यान उचललं, वनवासात खचलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी सांगतात ते. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. परक्या प्रेक्षकाला नल आणि दमयंती या दोघांचा हात धरून चालता येतं, शंभर कौरवांची नावं पाठ करावी लागत नाहीत.

मियागींची कल्पना अशी : हजार वर्षांपूर्वी, हेइआन काळात, महाभारत जपानला पोचलं असतं तर तिथल्या लोकांनी ते कसं खेळलं असतं? म्हणून पात्रांचे कपडे पांढरेशुभ्र, कागदाच्या घड्या घालून केल्यासारखे. मंच कड्यासारखा गोल, प्रेक्षकांना वेढा घालणारा, त्यामुळे बघणारे मधोमध आणि कथा त्यांच्याभोवती फिरते. तालवाद्यांचा ताफा नटांचाच. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बोलणारा नट वेगळा आणि वावरणारा वेगळा. दमयंती होणारी नटी तोंडातून शब्द काढत नाही, ती फक्त देहाने बोलते. निवेदक बाजूला बसून एकेका पात्राचा आवाज काढत असतो.

ही युक्ती मियागींनी हवेतून काढलेली नाही. ती ओसाकाच्या बुनराकू या बाहुलीनाट्याची आहे. बुनराकूत प्रमुख बाहुलीला तीन माणसं लागतात. मुख्य कलावंत डोकं आणि उजवा हात चालवतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. तिघेही प्रेक्षकांना ढळढळीत दिसतात, आणि मुख्य कलावंताचा चेहरा तर अनेकदा उघडाच असतो. मंचाच्या कडेला एक गायक-निवेदक पोथी पुढे ठेवून राजा, म्हातारी, लहान मूल असे सगळे आवाज एकटा काढतो. शेजारी शामिसेन हे तीन तारांचं वाद्य त्याला उचलून धरतं. थोड्या वेळाने डोळा त्या तीन माणसांना सोडून देतो आणि बाहुलीच रडते आहे असं वाटू लागतं. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा एकटाच नारद होतो आणि एकटाच सत्यभामा. तुमच्या जरीपटक्यात सिंधी भगत पाहिलेली जुनी माणसं असतील, त्यांनाही एकट्याने अख्खी कथा गाऊन, नाचून, सांगून उभी करणं परकं नाही. जपान्यांनी आवाज आणि देह यांची फारकत करून दोन्हीकडे वेगळी मेहनत घेतली, एवढंच.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच फारकतीत आहे. आवाज देहापासून सुटला की भाषा न कळणारा माणूस अर्ध्या नाटकाला मुकत नाही. स्वयंवराचा प्रसंग घ्या. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम, चौघेही नलाचं रूप घेऊन येतात आणि दमयंतीपुढे पाच नल उभे राहतात. महाभारतात ती खरा नल ओळखते ती खुणांवरून. देवांची पापणी लवत नाही, त्यांना घाम येत नाही, सावली पडत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत. यातली एकही खूण कानाने कळणारी नाही, सगळ्या डोळ्यांनी टिपायच्या. हे आख्यान मुळातच रंगभूमीसाठी जन्मल्यासारखं आहे, आणि ते कुठल्याही देशात दाखवा, बघणारा दमयंतीबरोबर शोधू लागतो.

आता तुमच्या त्या दहा मिनिटांबद्दल. ‘नो’ हा चौदाव्या-पंधराव्या शतकात कानआमी आणि त्यांचा मुलगा झेआमी यांनी घडवलेला प्रकार. मंच जेमतेम सहा मीटर लांब-रुंद, हिनोकी लाकडाचा, आणि इमारतीच्या आत असला तरी त्याच्यावर स्वतःचं छप्पर. मागच्या फळीवर एक पाइन वृक्ष रंगवलेला, बाकी नेपथ्य जवळजवळ नाहीच. नट टाच न उचलता तळवा घासत चालतो, म्हणूनच तुमची दहा मिनिटं पुलावर गेली. मोबाइलवर दिसत नाही ती गोष्ट म्हणजे मुखवटा. लाकडाचा तो चेहरा किंचित वर केला की उजळतो, खाली झुकवला की त्यावर उदासी पसरते. बदलतो तो फक्त उजेडाचा कोन. हे सहा इंची पडद्यावर कळणं कठीण, सभागृहात पहिल्या काही रांगांत बसून कळतं. वादकांची तयारीही बघण्यासारखी. मोठ्या हातडमरूचं चामडं प्रयोगाआधी निखाऱ्यांवर शेकून कोरडं करतात, धाकट्याचं मात्र तोंडाची वाफ देऊन ओलसर ठेवतात. एकाचा आवाज टणक, दुसऱ्याचा मऊ, आणि दोघांच्या मधल्या शांततेत नट पाऊल टाकतो. 2001 साली युनेस्कोने अमूर्त वारशाची पहिली यादी जाहीर केली, तीत जपानचं नो आणि केरळचं कुटियाट्टम ही दोन्ही होती. संथपणात कुटियाट्टम नोच्याही पुढे जाईल. आणि वडशाकडे झाडीपट्टीचं नाटक रात्रभर बसून बघणाऱ्या आपल्या माणसांना नोच्या तास-दीड तासाची भीती वाटायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न बदलांचा. याचा इतिहास थोडा दुखरा आहे. 1899 साली नट ओतोजिरो कावाकामी यांची नाटक मंडळी अमेरिकेला गेली. जपानात 1629 साली स्त्रियांना मंचावर बंदी झाली होती, तेव्हापासून कबुकी या नाट्यप्रकारात स्त्रीपात्रं पुरुषच करत. परदेशात मात्र ओतोजिरोंची पत्नी, पूर्वाश्रमीची गेइशा सादायाक्को, मुख्य नायिका झाली. परक्यांना भाषा कळत नाही म्हणून संवाद छाटले, नाच आणि मारामाऱ्या वाढवल्या, दोन कबुकी नाटकांची गाठ मारून एक केलं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात तर नर्तकी लोई फुलर यांच्या नाट्यगृहात गर्दी खेचण्यासाठी हाराकिरी घालावी लागली. पॅरिस सादायाक्कोवर फिदा झालं. जपानी जाणकारांनी मात्र नाकं मुरडली, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. सादायाक्कोची कला खरी होती, पण तिच्याभोवती रचलेलं नाटक गिऱ्हाइकाच्या मागणीवरून शिवलेलं होतं.

याउलट 1928 साली इचिकावा सादांजी (या नावाचे दुसरे नट) कबुकी घेऊन मॉस्को आणि लेनिनग्राडला गेले, ते ‘चुशिंगुरा’सारखी आपली खरी नाटकं घेऊन. प्रेक्षकांत चित्रपट दिग्दर्शक आयझेनस्टाइन होते. एका प्रसंगात नायक शरण गेलेला किल्ला सोडून निघतो. आधी मागे खऱ्या आकाराचं प्रवेशद्वार, मग तो पडदा दुमडून त्याच जागी इवलंसं द्वार, मग नुसता पडदा, आणि शेवटी काहीच नाही, फक्त शामिसेनचे सूर. अंतर डोळ्यांकडून कानाकडे सोपवलं जातं. आयझेनस्टाइन यांनी यावर भरभरून लिहिलं. रशियन लोकांसाठी काही सोपं केलं नव्हतं, तरी सिनेमाला त्यातून शिकता आलं. नो पुढे 1954 साली व्हेनिसच्या महोत्सवात गेलं.

नव्या प्रयोगांची गोष्ट उलटी घडली. 1959 साली तात्सुमी हिजिकाता यांनी ‘किंजिकी’ हा नाच केला आणि बुतो सुरू झालं. मातीकडे ओढणारं, वाकडंतिकडं, जपानी सभ्यतेला न मानवणारं नृत्य. 1980 साली काझुओ ओनो सत्तरी ओलांडलेल्या देहाने फ्रान्समधल्या नान्सीत नाचले आणि जगाला बुतो कळलं. देशात कडेला राहिलेल्या या कलेला मान आधी परदेशाने दिला. दिग्दर्शक तादाशी सुझुकींनी तर प्रेक्षकांनाच यायला लावलं. 1976 साली टोकियो सोडून ते तोगा या डोंगरातल्या खेड्यात गेले आणि 1982 पासून तिथेच आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवू लागले.

तेव्हा बदल होतात. कथेचा सारांश आधी हातात देतात, लांबी कधी कमी करतात, संवादांचा अनुवाद मंचाशेजारच्या पट्टीवर झळकवतात. एवढं करायला हरकत नाही. मात्र पट्टी वाचण्यात नजर अडकली की मुखवट्याची उजळ-उदास फिरकी निसटते, म्हणून मी पट्टीपेक्षा सारांशाच्या बाजूचा आहे. चाल, सूर आणि शांतता मात्र कुणासाठी पातळ करू नयेत. आपल्या ‘घाशीराम कोतवाल’नेही 1980 च्या युरोप दौऱ्यात माणसांचा पडदा आणि कीर्तनाचा ठेका तसाच नेला होता.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर नोपासून करू नका. आधी बुनराकू पाहा, मोबाइलवर नको, निदान घरच्या टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर, आणि कथा आधी वाचून घ्या. घरात लहान मुलं असतील तर त्यांना सोबत बसवा. बाहुली चालवणारी तीन माणसं दिसेनाशी कधी झाली, ते तुमच्याआधी मुलंच सांगतील. नो त्यानंतर लावा, आणि ते सुरू असताना कुणाचा फोन घेऊ नका.