इंजिनाची उशी

छत्तीसगडच्या सीमेजवळ, गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा हे लहानसे गाव आहे. सभोवार घनदाट अरण्य आहे. जवळच भामरागड येथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या एकमेकींना भेटतात. या मुलखात माडिया गोंड लोकांची वस्ती आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी येथे राहून रुग्णसेवेचे व्रत चालविले.

त्या काळी येथवर येणे सोपे नव्हते. वाटेतील नद्यानाल्यांवर सर्वत्र पूल नव्हते. पावसाळा लागला, की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. अशा वाटेवर साधी मोटार काय कामाची? तेथे जीपच हवी. विलीज जातीच्या जीपगाड्या जोडण्याचे काम महिंद्र कंपनीने १९४९ साली मुंबईच्या माझगाव भागात केले, आणि पुढे अनेक वर्षे या गाड्या देशातील अरण्यांतून व डोंगरांतून धावल्या. आज त्या जुन्या झाल्या आहेत; तरी कोणी कोणी त्या अजून जिव्हाळ्याने सांभाळतात.

मुलांनो, अशाच एका जुन्या जीपचा प्रसंग आपण डोळ्यांपुढे आणू या.

मे महिना संपत आला आहे. हेमलकशाजवळच्या एका वस्तीत एका वृद्ध गुरुजींची जीप उभी आहे. गेले काही दिवस ती विचित्र वागते आहे. उभी असताना सुरू केली, तर सारे अंग थरथरते. चढावर जोर दिला, की पुढच्या बाजूने ‘धप्’ असा आवाज येतो. गुरुजींनी मिस्त्रींना बोलावले. गुरुजींचा नातू जवळच उभा राहिला.

मिस्त्रींनी आधी हत्यारांना हात लावला नाही. त्यांनी सर्वांना गाडीपासून बाजूला केले. गुरुजींना हातब्रेक ओढावयास व ब्रेकवर पाय घट्ट ठेवावयास सांगितले. मग गिअर घालून क्लच किंचित सोडावयास लावला. त्याबरोबर इंजिन एका अंगाला कलले आणि त्याची डावी बाजू दोन बोटे वर उचलली गेली.

“इंजिनाची उशी फाटली,” मिस्त्री म्हणाले.

“मिस्त्रीकाका, इंजिनाला उशी कशाला लागते?” मुलाने विचारले.

“तुला झोपावयास लागते ना, तशीच. मात्र तुझी उशी डोके सांभाळते; ही गाडीला सांभाळते.”

मिस्त्रींचे म्हणणे आपण नीट समजून घेऊ. जीपच्या इंजिनात चार नळकांडी असतात. प्रत्येक नळकांड्यात इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे एकदा इंधनाचा भडका होतो. म्हणजे चारही नळकांडी मिळून एका फेरीत दोन भडके होतात. गाडी नुसती उभी असताना इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १२०० आणि सेकंदाला २० धक्के बसतात. वेग ३००० फेऱ्यांवर गेला, की हेच धक्के सेकंदाला १०० होतात. शिवाय इंजिन चाकांकडे जाणारा दांडा एका दिशेला फिरविते, तेव्हा ते स्वतः उलट दिशेला कलू पाहते. प्रत्येक क्रियेला तेवढीच विरुद्ध प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम येथेही दिसून येतो.

पूर्वी अनेक गाड्यांत इंजिन सरळ लोखंडी सांगाड्याला आवळून टाकीत. त्यामुळे इंजिनाचा प्रत्येक धक्का बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोचे. १९३१ साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरी आधारांवर अशा बेताने बसविले, की ते आपल्याच तोलात किंचित डुलावे आणि त्याचे हादरे सांगाड्यात उतरू नयेत. या युक्तीला त्यांनी ‘तरंगती शक्ती’ अशा अर्थाचे नाव दिले. याच कंपनीच्या गाड्या पुढे मुंबईत कुर्ला येथे, शेठ वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात जोडल्या जाऊ लागल्या.

या आधाराला मिस्त्रीलोक ‘माउंटिंग’ म्हणतात. दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटविलेला रबराचा ठोकळा, एवढेच त्याचे रूप. जीपमध्ये दोन माउंटिंगे इंजिनाच्या पुढील भागी, डाव्या व उजव्या बाजूस असतात. मागचा भार गिअरबॉक्सखालच्या आधारावर असतो. गंधक मिसळून तापविलेले रबर चिवट होते, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली आढळले. परंतु रबर कितीही चिवट असले, तरी त्याला दोन शत्रू आहेत : उष्णता आणि तेल. उष्णतेने ते टणक होऊन चिरते. तेलाने ते फुगते व मऊ पडते.

गुरुजी म्हणाले, “मिस्त्री, डावी उशी तेवढी बदला. उजवी बरी दिसते. तोवर सकाळी मी आलापल्लीला जाऊन येतो म्हणतो.”

मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. त्यांनी विजेरी लावून रेडिएटरचा मागचा भाग मुलाला दाखविला. तेथे चंद्रकोरीसारखा एक चकचकीत ओरखडा उमटला होता.

“हा कशाचा, बाबू?”

मुलाने थोडा विचार केला. पंखा इंजिनावर बसविलेला होता आणि रेडिएटर सांगाड्यावर. “पंख्याचा!” तो उद्गारला. “इंजिन हलले, की पंखा येथे लागतो.”

“शाबास! आज ओरखडा आहे. उद्या भोक पडेल. पाणी वाहून जाईल आणि इंजिन तापून अडकेल. आणि तेही कोठे? तर मध्यरानात. गुरुजी, आपण एकटे असाल तर चालत परत याल. पण मागे कोणी आजारी माणूस निजविलेला असला तर?”

गुरुजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, “तुम्हांला लागेल तेवढा वेळ घ्या. मी थांबतो.”

गाडी सपाट जागी होती. मिस्त्रींनी चाकांना दगड लावले. इंजिन थंड होऊ दिले आणि बॅटरीची तार सोडविली. इंजिन उचलताना ताण बसेल अशी रबरी नळी ढिली केली. मग इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली जॅक आणला. पण जॅकच्या डोक्यावर एक रुंद सागवानी फळी ठेवली.

“फळी कशाला, काका?”

“चेंबर पत्र्याचे असते. जॅकचे टोक एकाच जागी रुतले, तर पत्रा चेपेल. फळीमुळे भार पसरतो. आणि एक लक्षात ठेव. नुसत्या जॅकच्या भरवशावर ठेवलेल्या गाडीखाली कधी शिरू नये. हे काम मुलांनी करावयाचे नसते. आज तू नुसते पाहा.”

इंजिनाचा भार उशीवरून उतरेल इतकेच त्यांनी ते उचलले. नट सोडवून डावे माउंटिंग काढले. रबर लोखंडी पट्टीपासून पार सुटले होते. ते जागेवर बसवून त्यांनी उजवे काढले. ते फाटले नव्हते, पण नव्याशेजारी ठेवताच खचून बुटके झालेले दिसले.

“एक पाय नवा आणि एक खचलेला, अशा माणसाला सरळ चालता येईल काय?” मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी इंजिनाच्या बाजूवरून बोट फिरविले. बोट काळे झाले. बाजूच्या झाकणाचे गॅस्केट झिरपत होते आणि तेल थेंबाथेंबाने डाव्या उशीवर पडत होते. तेच त्या रबराचे खरे दुखणे होते. मिस्त्रींनी गॅस्केट बदलले आणि सारी जागा स्वच्छ पुसून घेतली. नंतर दोन्ही नवी माउंटिंगे बसविली. मात्र नट आरंभी हातानेच फिरविले. जॅक हळूहळू खाली घेऊन इंजिनाला स्वतःच्या भाराने स्थिर होऊ दिले आणि मगच पान्ह्याने ते आवळले. आधीच आवळले असते, तर रबर पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटले असते. शेवटी पंखा हाताने फिरवून त्याच्या व रेडिएटरच्या मधले अंतर पाहिले आणि नळी व बॅटरीची तार पूर्ववत जोडली.

दिवेलागणीच्या वेळी गुरुजींनी जीप सुरू केली. थरथर थांबली होती. मुलाने धीर करून पुढच्या मडगार्डवर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाण्यावर बारीक तरंग उठले, पण एक थेंबही सांडला नाही.

त्या रात्री पहिला वळवाचा पाऊस आला. मुलाने फाटकी उशी टाकून दिली नाही. कोठे काही बिघडलेले दिसले, की तो प्रथम ती आठवतो आणि स्वतःला विचारतो, “तेल कोठून गळते आहे?”

स्वाध्याय

१. इंजिनाला रबरी आधार का लागतो, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती धक्के बसतील?
३. मिस्त्रींनी केवळ उशी बदलून गॅस्केट तसेच ठेवले असते, तर काय झाले असते?
४. गुरुजींनी आपला बेत का बदलला?
५. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराचे काम लक्षपूर्वक पाहा आणि त्याचे दहा ओळींत वर्णन करा.