दोन नद्यांमधला पट्टा

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत चूकभूल द्यावी-घ्यावी. शाळेत ‘ॲनेक्सेशन’ म्हटलं की डलहौसी, सातारा, १८४८ एवढं लिहून मार्क मिळायचे. मराठीत याला ‘खालसा करणे’ म्हणतात हे मला होस्टेलवर आल्यावर कळलं! पण त्याच १८४८ साली मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त मुलूख गेल्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि त्याची सुरुवात टेक्सासपासून झाली होती.

टेक्सास हा मेक्सिकोचा प्रांत. तिथे स्थायिक झालेल्या अमेरिकनांनी बंड केलं आणि १८३६ मध्ये टेक्सास स्वतंत्र झाला. मेक्सिकोने ते कधीच मान्य केलं नाही. अमेरिकेने टेक्सास घेतला तर आम्ही ते युद्धच समजू, असं मेक्सिकोने १८४३ मध्येच बजावलं होतं. तरी डिसेंबर १८४५ मध्ये अमेरिकेने टेक्सास सामील करून घेतला.

आता गंमत बघा. (सिव्हिलवाल्यांनी जरा लक्ष द्या.) टेक्सास घेतला, पण तो संपतो कुठे? मेक्सिकोच्या हिशेबाने न्युएसेस नदीवर. टेक्सासवाले म्हणत, छे, रिओ ग्रांदेपर्यंत! दोन्ही नद्यांमध्ये सुमारे २४० किलोमीटरचा पट्टा, मेक्सिकोच्या नकाशात तामौलिपास राज्यातला. म्हणजे अमेरिकेने जमिनीबरोबर हे भांडणही पदरात घेतलं. अध्यक्ष पोक यांना त्याशिवाय कॅलिफोर्नियाही हवा होता. तो विकत मागायला पाठवलेल्या दूताला मेक्सिकोने भेटच नाकारली. मग जानेवारी १८४६ मध्ये जनरल टेलरना थेट रिओ ग्रांदेवर जायचा हुकूम निघाला. शेजाऱ्याच्या अंगणात खाट टाकायची आणि तो ओरडला की म्हणायचं, बघा, हाच भांडतोय!

२५ एप्रिलला मेक्सिकन घोडदळाने अमेरिकन तुकडीवर हल्ला केला. ही बातमी वॉशिंग्टनला ९ मेच्या संध्याकाळी पोचली. पण त्याच दिवशी, बातमी यायच्या आधीच, मंत्रिमंडळात युद्धाचं बोलणं झालं होतं! पोकनी काँग्रेसला सांगितलं की अमेरिकन रक्त अमेरिकन भूमीवर सांडलंय. १३ मेला युद्ध जाहीर झालं. पुढे इलिनॉयच्या एका नव्या खासदाराने विचारलं, ती नेमकी जागा कोणती ते दाखवा. त्याचं नाव अब्राहम लिंकन. आमच्या सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला सर हेच विचारतात, स्टेशन कुठे आहे ते आधी दाखव! लिंकनला उत्तर मिळालं नाही.

सुमारे १३,००० अमेरिकन सैनिक मेले, बहुतेक रोगराईने. मेक्सिकोची राजधानी पडली. फेब्रुवारी १८४८ च्या तहात दीड कोटी डॉलर देऊन कॅलिफोर्नियासकट प्रचंड प्रदेश अमेरिकेने घेतला, आणि टेक्सासची हद्द ठरली रिओ ग्रांदे.

पण नदी म्हणजे काही कंपाउंड वॉल नाही. १८६० च्या दशकात पुरांमुळे एल पासो शहरापाशी पात्र दक्षिणेला सरकलं आणि मेक्सिकोची जमीन अमेरिकेच्या बाजूला आली. चामिसाल नावाचा हा तुकडा शंभर वर्षं भांडणात अडकला. १९६३ मध्ये करार झाला, बरीचशी जमीन मेक्सिकोला परत मिळाली आणि तिथे नदीसाठी चक्क काँक्रीटचं पात्र बांधलं. यावेळी सैन्याऐवजी इंजिनिअर पाठवले होते.